सायकल-व्यायामाची मात्रा : अंतर किती आणि श्रम किती?

चूर्ण, काढा वा गुटी लिहून देताना आपण द्रव्याबरोबर मात्रा, काळ आणि अनुपान ही तिन्ही लिहितो. त्यांपैकी एक जरी राहिले तरी औषधी-विक्रेता चिठ्ठी परत पाठवितो, आणि ते योग्यच आहे. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपले चिकित्सापत्र ‘रोज व्यायाम करावा’ एवढ्या एका ओळीत संपते. फार झाले तर एखादा आकडा सांगितला जातो. पाच किलोमीटर चाला, दहा किलोमीटर सायकल चालवा. हा आकडा आपण कशाच्या आधारे सांगतो, रुग्णाने तो मोजावयाचा कसा, आणि तेवढे अंतर कापताना त्याच्या शरीरास पडलेले श्रम कोणी मोजावयाचे, हे प्रश्न सहसा उपस्थित होत नाहीत. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर चाळिशी-पन्नाशीत नव्याने सायकल हाती घेणाऱ्यांची संख्या वाढलेली आपण सर्वच पाहत आहोत. स्थौल्य, प्रमेह, आमवृद्धी, अनिद्रा अशा तक्रारी घेऊन येणारे अनेक रुग्ण सायकलविषयी आपला सल्ला विचारतात. यास्तव या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करावा असे वाटले.

प्रस्तुत लेखकावर हा विचार करण्याची पाळी एका रुग्णामुळे आली. ते वृत्त पुढे दिले आहे. त्यात चूक रुग्णाची नव्हती, माझी होती, हे आरंभीच नमूद करतो.

शास्त्रातील दोन मापे

व्यायामाचे प्रमाण सांगताना आपल्या संहितांनी दोन निरनिराळी मापे वापरलेली आहेत. त्यांतील भेद आपल्या नित्याच्या बोलण्यात पुसट झाला आहे. पहिले माप अंतराचे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या अकराव्या अध्यायात निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने वा त्याहून अधिक चालावयास सांगितले आहे. योजनाचे मान निरनिराळ्या ग्रंथांत भिन्न असले तरी हा पल्ला शेकडो मैलांचा होतो, याविषयी मतभेद नाही. म्हणजे चिकित्सा म्हणून अंतर नेमून देण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे.

दुसरे माप श्रमाचे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. त्याच स्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्याइतकाच करावा असे सांगून अर्धबलाचे लक्षणही दिले आहे. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे श्वास नाकाने पुरेनासा होऊन तोंडाने घ्यावा लागला, की अर्धे बल खर्च झाले असे समजावे. ललाट, नासा, कक्षा व हातापायांचे सांधे यांवर घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही लक्षणेही परंपरेने सांगितली जातात. वाग्भटाचार्यांनी याला ऋतूची जोड दिली. बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यानेच, तेही शीतकाळी व वसंतात, अर्धशक्तीपर्यंत जावे. इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावे. वय, बल, शरीर, देश, काळ आणि आहार या सहा गोष्टी पाहूनच व्यायाम करावा, हेही सुश्रुतांचेच सांगणे आहे.

शोषाची कारणे मोजताना सुश्रुतांनी उत्तरतंत्रात व्यायामशोष आणि अध्वशोष हे दोन स्वतंत्रपणे सांगितले, याकडे वैद्यवर्गाचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. अतिश्रमाने झिजणे वेगळे आणि अतिमार्गक्रमणाने झिजणे वेगळे. अंतर आणि श्रम या दोन वस्तू एक नव्हेत, हे आचार्यांना पूर्ण ठाऊक होते. सायकलच्या बाबतीत तर हा भेद पायी चालण्याहून कितीतरी अधिक मोठा आहे, कारण उतारावर सायकल श्रमावाचून अंतर देते आणि चढावर अंतरावाचून श्रम देते.

रुग्णवृत्त

जानेवारी २०१६. वय वर्षे ५२, पुरुष, कार्यालयात बैठे काम, मध्यम शरीर, उदरभागी मेदोवृद्धी. प्रमेहाचे निदान होऊन सहा वर्षे झालेली. त्यांचे नेहमीचे फिजिशियन मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराईड देत होते. माझ्याकडे निशामलकी व पथ्य सुरू होते. एचबीए१सी ८.१. व्यायाम शून्य. घरी मुलाची गिअरची सायकल पडून होती. मी सांगितले, ‘रोज सकाळी रिकाम्या पोटी दहा किलोमीटर सायकल चालवा.’ रुग्ण आज्ञाधारक व काटेकोर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायकलला मीटर बसवून घेतला आणि वही घातली.

ते राहात राजवाड्याजवळ. सातारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको, की राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाणारा रस्ता उताराचा आहे आणि परतताना तोच चढाचा होतो. ते माहुलीच्या रस्त्याने पाच किलोमीटर जात व तसेच परत येत. मीटरवर दहा भरले नाहीत तर घराभोवतीच्या गल्लीत फेऱ्या मारून दहा पूर्ण करीत. गोळी मात्र नेहमीप्रमाणे पहाटे उठल्याबरोबर घेत, कारण ती न्याहारीपूर्वी घ्यावयाची हे त्यांच्या लक्षात होते. न्याहारी आता दीड तास लांबली आहे, हे त्यांच्याही लक्षात आले नाही आणि मीही विचारले नाही.

अकराव्या दिवशी परतीच्या चढावर त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सायकल कडेच्या गटारावर जाऊन ते पडले. जवळच्या चहाच्या गाडीवाल्याने त्यांना बसविले, नाव विचारले तर ते सांगता येईना. त्या भल्या माणसाने भरपूर साखर घालून चहा पाजला. दहा मिनिटांत ते सावध झाले. गुडघा व कोपर खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, हे दैव. रस्त्यावर वाहनांची वर्दळ सुरू झालेली होती. सुमारे पाऊण तासाने तपासलेली रक्तशर्करा ७४ भरली. म्हणजे चहापूर्वी ती किती उतरली असेल याची कल्पना यावी.

दुपारी त्यांच्या पत्नी वही घेऊन आल्या. स्वर चढा नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही दहा सांगितलेत, म्हणून त्यांनी दहा केले.” वहीत तारखांपुढे ओळीने आकडे होते : १०.०, १०.१, १०.०, १०.०. दहा दिवसांचे दहा आकडे, सर्व सारखे. वाऱ्याचा दिवस कोणता, धाप कधी लागली, परतीच्या चढाला किती वेळ गेला, आदल्या रात्री जेवण कमी झाले होते का, यांपैकी त्या रकान्यातून काहीही कळत नव्हते. नोंद अचूक होती. तिने मोजावयास हवे ते मोजले नव्हते, इतकेच.

घडले ते समजण्यास कठीण नाही. ग्लिमेपिराईड हे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवविते, रक्तातील शर्करा कमी असली तरी. श्रम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही शर्करा ओढून घेतो. रात्रभराचे लंघन, गोळी आणि शेवटी चढ, ही तिन्ही एकत्र आली. सपाटीवरचे दहा किलोमीटर त्यांनी कदाचित निभावले असते.

अंतर मोजण्याची साधने

सायकलवरील अंतर मोजण्याची युक्ती नवी नाही. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर यांनी १८९५ च्या सुमारास चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र बाजारात आणले. त्यात स्पोकवरील खुंटी प्रत्येक फेऱ्यास एक दाता पुढे सरकवीत असे. आजचा तारेचा वा बिनतारी मीटर त्याच तत्त्वावर चालतो. स्पोकवर चुंबक, फोर्कवर संवेदक, आणि फेऱ्यांची संख्या गुणिले चाकाचा परीघ. म्हणजे परीघ चुकीचा भरला की सारे अंतर चुकते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २०५ सेंटिमीटर तर जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा सुमारे २२० सेंटिमीटर असतो. दुकानदाराने २६ इंचीचा आकडा तसाच ठेवून मीटर २८ इंचीवर बसविला, तर मीटर दहा दाखवील तेव्हा प्रत्यक्षात पावणेअकरा झालेले असतात. रुग्णाने टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरून, सायकलवर बसून, व्हॉल्व्ह जमिनीलगत असता खडूने खूण करावी, एक पूर्ण फेरा सरळ रेषेत पुढे जावे, दुसरी खूण करून टेपने मोजावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते एकदाच करावे लागते.

मोबाईलमधील नोंद उपग्रहांवरून स्थान घेऊन होते. मोकळ्या रस्त्यावर ती पुरेशी विश्वसनीय असते. दाट झाडी, अरुंद गल्ल्या आणि घाटातील वळणे येथे बिंदू इकडेतिकडे पडतात. थांबलेले असतानाही स्थान थोडे हलत राहून अंतरात भर पडू शकते. चढाचा आकडा अंतराहून कमी भरवशाचा. सर्वांत कमी भरवशाचा म्हणजे उष्मांकांचा. पायडलवरील जोर प्रत्यक्ष मोजणारे महाग उपकरण नसेल तर तो आकडा वजन आणि वेग यांवरून बांधलेला अंदाज असतो. तरीही मोबाईलने चारशे उष्मांक जळाल्याचे सांगितले म्हणून वाटेत मिसळ खाऊन परतणारा वर्ग आमच्याकडे मोठा आहे.

असो. नवशिक्यासाठी अंतराची शेकडा पाच-सात चूक चिकित्सेच्या दृष्टीने फारशी बिघडवणारी नाही. बिघडते ते अंतरालाच श्रम मानल्याने. अंदाजी गणित करून पाहू. ७५ किलो वजनाचा मनुष्य १८ किलोच्या साध्या सायकलवर ताठ बसून, वारा नसता, सपाट डांबरी रस्त्याने ताशी १५ किलोमीटर जात असेल तर पायडलवर सुमारे ५५ वॉट शक्ती लागते. वेग ताशी २० केला की ती शंभरच्या घरात जाते. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, श्रम मात्र जवळजवळ दुप्पट झाले, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आता हाच मनुष्य शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी अवघ्या ७ किलोमीटरने जात असला तरी त्यास पुन्हा तेवढेच, शंभर वॉटच्या आसपास, श्रम पडतात. मीटरकडे पाहणारा म्हणेल की आज गती मंदावली, आळस झाला. त्याचे हृदय वेगळेच सांगत असते. समोरचा वारा, कमी हवेचे टायर, कोरडी साखळी यांचाही परिणाम असाच होतो, आणि यांपैकी एकाचीही नोंद किलोमीटरच्या रकान्यात होत नाही.

अर्धशक्ती सायकलवर कशी ओळखावी

शास्त्रोक्त लक्षणे येथे वापरता येतात काय? येतात, परंतु एक सावधगिरी हवी. सायकलस्वाराच्या अंगावर सतत वारा लागत असल्यामुळे घाम येताच वाळतो. घाम नाही म्हणून अजून अर्धशक्ती झाली नाही असे समजणारा फसतो. थांबल्यावर दोन मिनिटांत सदरा ओला होतो. उलट कोकणपट्टीच्या दमट हवेत दहाव्या मिनिटालाच घामाच्या धारा लागतात आणि बल तर पुष्कळ शिल्लक असते. सबब सायकलवर स्वेदलक्षण गौण मानून श्वासलक्षण प्रमुख मानावे. मुखशोषही थंडीच्या कोरड्या वाऱ्यात लवकर होतो, त्यामुळे त्यावरही एकट्यावर विसंबू नये.

श्वासलक्षण रुग्णास समजावून देण्याची सोपी रीत अशी. पाठ असलेला एखादा श्लोक वा आरतीचे कडवे सायकल चालविताना म्हणून पाहावे. संथपणे बोलता येते, परंतु चालीवर गाता येत नाही, अशी स्थिती म्हणजे आपण अर्धशक्तीच्या उंबरठ्याशी आहोत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की उंबरठा ओलांडला. पाश्चात्त्य व्यायामशास्त्रात मध्यम श्रमासाठी हीच बोलण्याची कसोटी वापरली जाते.

नाडीच्या संख्येचाही उपयोग होतो. कमाल संख्येसाठी २२० वजा वय हे सूत्र प्रचलित आहे. ते सरासरीचे असून प्रत्यक्ष व्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ साली मांडलेल्या रीतीने विश्रांतीची संख्या व कमाल संख्या यांतील अंतराचा अंश घेतात. आमच्या रुग्णाचे उदाहरण घेतल्यास कमाल १६८, विश्रांतीची ७६, अंतर ९२, त्याचे अर्धे ४६. म्हणजे ७६ मध्ये ४६ मिळवून १२२. हृद्गतीच्या राखीव बलाचा अर्धा भाग आणि आचार्यांची अर्धशक्ती यांची ही जुळणी मनोज्ञ आहे, तथापि दोन्ही एकच असे प्रतिपादन करण्याचा माझा हेतू नाही. सायकलवरून उतरताच पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणावे. उशीर केला तर संख्या झपाट्याने उतरते. मनगटी घड्याळे हँडलच्या घट्ट पकडीमुळे व हादऱ्यांमुळे चुकू शकतात. आणि एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्याची नाडी श्रम होऊनही तितकी वाढत नाही. अशा रुग्णास संख्येचे लक्ष्य देणे धोक्याचे आहे. तेथे श्वासलक्षणच खरे.

श्रम आण्यांत

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रमाची जाणीव अंकांत सांगण्याची पट्टी सहा ते वीस अशी तयार केली. ती उत्तम आहे, परंतु साध्या रुग्णास ‘सहापासून सुरुवात का’ हे पटवून देता देता ओ.पी.डी.ची वेळ संपते. मी आण्यांचा उपयोग करतो. सोळा आणे म्हणजे जीव तोडून, मागे कुत्रे लागल्यासारखे. आठ आणे म्हणजे अर्धशक्ती. चार आणे म्हणजे गप्पा मारत, बाजारात निघाल्यासारखे. पन्नाशीच्या रुग्णास हे न शिकविता येते. ‘आज बारा आणे झाले, डॉक्टर’ असे तो आपण होऊन सांगतो. तरुणांना आणे ठाऊक नसतात. त्यांच्याकरिता दहापैकी गुण घ्यावेत, पाच म्हणजे अर्धशक्ती.

हा आकडा सायकलवरून उतरल्याबरोबर विचारू नये. शेवटचा चढ वा शेवटचा उतार त्यावर छाप पाडतो. अर्ध्या तासाने, स्नान उरकल्यावर, संपूर्ण फेरीचा मिळून विचारावा. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी खेळाडूंसाठी अशी रीत रूढ केली, की फेरीची मिनिटे गुणिले श्रमाचा अंक. आपण त्यास श्रमांक म्हणू. दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्या घ्या. पहिली सपाटीवर, ४० मिनिटे, सहा आणे : श्रमांक २४०. दुसरी परतीचा चढ व समोरचा वारा असलेली, ५५ मिनिटे, बारा आणे : श्रमांक ६६०. मीटरवर दोन्ही दहाच. दुसऱ्या फेरीचे श्रम पहिलीच्या पावणेतीन पट.

श्रमांक हा काही वैज्ञानिक सूक्ष्म मापदंड नव्हे. दोन व्यक्तींच्या श्रमांकांची तुलना करू नये. नवरा-बायको एकत्र सायकल चालवीत असतील तर मुळीच करू नये. एकाच व्यक्तीच्या या आठवड्याची मागील आठवड्याशी तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे.

प्रकृतीचाही येथे संबंध येतो असा माझा अनुभव आहे. पित्तप्रकृतीचा रुग्ण कालच्या आकड्याशी स्पर्धा करतो आणि श्रम कमी सांगतो. त्याच्या बारा आण्यांना तो आठ म्हणतो. कफप्रकृतीचा चार आण्यांना आठ म्हणतो. वातप्रकृतीचा पहिल्या आठवड्यात तीन आठवड्यांचे करून चौथ्यात सायकल विकावयास काढतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नाडी व श्वास स्वतः पाहून आण्यांचा हिशेब एकदा जुळवून घेतला की पुढे रुग्णाच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येतो.

नोंदवही व वाढीचा क्रम

वहीत रकाने थोडेच असावेत, नाहीतर पंधरवड्यात वही बंद पडते. मिनिटे, आणे, किलोमीटर, आणि एक मोकळा रकाना ज्यात चढ, वारा, ऊन, आदल्या रात्रीची झोप, सकाळची भूक असे जे लक्षात येईल ते दोन शब्दांत. किलोमीटर जाणूनबुजून तिसरे ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच मोजलेली नाडी ज्यास लिहिता येईल त्याने लिहावी. ती नेहमीपेक्षा आठ-दहाने वाढलेली व अंग जड असेल तर त्या दिवशी विश्रांती. भूक वाढणे, मलशुद्धी, अंगास लाघव आणि कामात उत्साह ही सम्यक् व्यायामाची लक्षणे. तृष्णा न भागणे, दिवसभर क्लम, कोरडा खोकला, अंग कसकसणे ही अतिव्यायामाकडे झुकल्याची. अतिव्यायाम करणाऱ्यास वाग्भटांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंहाचे बल खोटे नसते, तरी तो मरतो.

आरंभी अंतर नेमूनच देऊ नये. वेळ द्यावी. सपाट रस्ता, १५ ते २० मिनिटे, सहा आण्यांच्या आत, आठवड्यातून चार दिवस. हितकर सवय पादांशाने, म्हणजे चौथ्या हिश्शाने, मध्ये अवकाश ठेवून स्वीकारावी असा चरकाचार्यांनी सांगितलेला क्रम येथे फार उपयोगी पडतो. दोन आठवडे एक पायरी स्थिर ठेवून मग आठवड्याच्या एकूण श्रमांकात चौथा हिस्सा वाढवावा, तोही मोकळ्या रकान्यात तक्रार नसेल तरच. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी; वेळ वाढविली त्या आठवड्यात चढ घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले आठवड्याचे १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम हे गाठावयाचे ठिकाण आहे, सुरुवातीचे नव्हे. ग्रीष्मात, वर्षेत व शरदात वाढ थांबवून आहे ते टिकवावे.

प्रगती कशावरून ओळखावी? किलोमीटर वाढले यावरून नव्हे. तोच रस्ता, तेच आणे, आणि मिनिटे कमी. किंवा तोच रस्ता, तीच मिनिटे, आणि आणे कमी. हे दिसू लागले की बल वाढले असे निःशंक म्हणावे.

औषधी-विक्रेत्यांसाठी थोडेसे

नवा सायकलस्वार वैद्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा दुकानात येतो. गुडघ्यास महानारायण तेल द्या म्हणतो. तेल अवश्य द्यावे, पण वेदना गुडघ्याच्या पुढील बाजूस असेल तर सीटची उंची विचारावी. पायडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हावयास हवा. मुलाची वा शेजाऱ्याची सायकल घेतलेल्यांची सीट हमखास खाली असते. ती वर केल्याने जे काम होते ते कोणत्याही तेलाने होत नाही. बोटांना वा बैठकीच्या जागी बधिरता येत असेल तर फेरी थांबवून बैठक तपासण्यास सांगावे. श्रम करताना छातीत दडपण, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अशी तक्रार सांगून कोणी हिंग्वाष्टक मागितले तर ते न देता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आणि प्रमेही ग्राहकास एक प्रश्न नक्की विचारावा : सोबत इन्सुलिन किंवा ‘ग्लि’ने सुरू होणारी, ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड, ग्लिक्लाझाईड यांसारखी गोळी चालू आहे काय? असेल तर उपाशीपोटी सायकल नको. गुडमार, मामज्जक, विजयसार ही आपली द्रव्येही तिच्या कार्यात भर घालू शकतात. फेरीपूर्वी शर्करा ९० पेक्षा कमी असल्यास आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, खिशात साखर वा ग्लुकोज पूड असावी, आणि थरथर, गार घाम, गोंधळ यांपैकी काही जाणवताच उतरून १५ ग्रॅम साखर घेऊन पंधरा मिनिटे बसावे. गोळीची मात्रा कमी करणे हे तिच्या मूळ चिकित्सकाशी बोलूनच व्हावे. ज्यांना नेत्रपटलाचा विकार वा पायाची बधिरता आहे, अशांनी तपासणीनंतरच सायकल घ्यावी.

त्या रुग्णाच्या फिजिशियनशी मी त्याच आठवड्यात बोललो. त्यांनी ग्लिमेपिराईडची मात्रा निम्मी केली व ती न्याहारीबरोबर घेण्यास सांगितले. सायकल न्याहारीनंतर तासाभराने, वीस मिनिटे, परतीच्या तीव्र चढावर उतरून सायकल हातात धरून चालावयाचे. हे शेवटचे त्यांना फार लागले. ओळखीचे लोक पाहतात म्हणून ते पहिले काही दिवस पहाटेच्या अंधारातच जाऊ म्हणत होते. एप्रिलमध्ये त्याच चढावर न उतरता आठ आण्यांत वर आल्याची पहिली नोंद वहीत आहे. जुलैत एचबीए१सी ७.२ आले. त्याचे श्रेय एकट्या सायकलला देता येणार नाही, आहार व औषधेही त्या काळात बदलली होती.

हल्ली माझ्या चिकित्सापत्रावर सायकलची ओळ औषधांच्याच यादीत, क्रमांक घालून असते : सायकल, २० मिनिटे, सपाट रस्ता, सहा आण्यांच्या आत, न्याहारीनंतर १ तासाने, आठवड्यातून ४ दिवस, वही सोबत आणावी. किलोमीटरची जागा मी कोरी सोडतो. ती रुग्णाने भरून आणावयाची असते.